रस्त्यावरची रंगीत रेघ



मोटारींच्या शर्यतीचे खेळ आता शहरापुरते राहिलेले नाहीत. मोबाईल घरोघर पोचला आणि त्याच्याबरोबर हे खेळही वाडीवस्तीवर पोचले. सुट्टीच्या दिवशी पारावर चार पोरे एका पडद्यावर माना घालून बसलेली दिसली, की त्यांतला एखादा तरी पडद्यावरची मोटार पळवीत असतो. ज्यांच्या घरी संगणक आहे किंवा टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र आहे, तिथे तर टेबलाला बसवलेले स्टीअरिंग आणि पायाखाली ब्रेकसुद्धा असतो.

अशा खेळाकडे जरा निरखून पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळ खेळांत मोटारीच्या पुढे रस्त्यावर एक रंगीत रेघ ओढलेली असते. सरळ रस्त्यावर ती हिरवी असते, काही खेळांत निळी. वळण जवळ आले की पिवळी होते आणि अगदी वळणाच्या तोंडाशी लाल. खेळणारा त्या रेघेवरून मोटार नेतो आणि लाल रंग दिसला की ब्रेक दाबतो. पोरे हिला ‘ड्रायव्हिंग लाईन’ किंवा ‘रेसिंग लाईन’ म्हणतात.

आता ही रेघ म्हणजे शिकवणी म्हणायची की कॉपी? पोराने ती ठेवावी की काढून टाकावी? आणि या रेघेवर तरबेज झालेला मुलगा उद्या खरी मोटारसायकल घेऊन घाटात शिरला, तर ही रेघ त्याला तारील की मारील? या तीन प्रश्नांचा आज विचार करायचा आहे. पहिले दोन प्रश्न खेळाचे आहेत. तिसरा जिवाचा आहे, आणि त्याचे उत्तर नीट कळायला आधीची दोन उत्तरे लागतात.

रेघ वाकडी का जाते?

प्रथम रेघ काय सांगते ते पाहू. पडद्यावर लक्ष ठेवले तर दिसेल, की रेघ रस्त्याच्या मधोमध जात नाही. वळण डावीकडे असेल तर ती आधी रस्त्याच्या उजव्या कडेला सरकते. तिथून तिरकी आत शिरते, वळणाच्या आतल्या, म्हणजे डाव्या कडेला जवळजवळ घासते, आणि बाहेर पडताना पुन्हा उजव्या कडेला जाते. बाहेर, आत, बाहेर, असा तिचा क्रम.

हे आपल्याला अगदीच नवीन नाही बरं का. उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर अरुंद पाणंदीत वळवायचा असला, की चालक आधी उलट बाजूला झोकून घेतो आणि मग वळवतो. त्याचा हेतू वेगळा असतो, ट्रॉलीचे चाक बांधावर चढू नये हा. पण आडवे वळण जितके पसरट करावे तितके ते सोपे जाते, हे दोघांनाही ठाऊक असते.

शर्यतीत हा पसरटपणा वेगासाठी हवा असतो. पाटाचे पाणी वळणावर बाहेरच्या काठावर जाऊन आदळते, ते आपण रोज पाहतो. पाण्याला सरळच जायचे असते, काठ त्याला वळवतो. मोटारीचेही तसेच. तिला सरळ जायचे असते आणि तिला वळवणारा काठ म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. ही पकड ठरावीक असते. वळण जितके आवळलेले आणि वेग जितका जास्त, तितकी पकड जास्त लागते. ती संपली की मोटार घसरली.

थोडे आकडे सांगतो, म्हणजे नीट कळेल. समजा, काटकोनातले एक वळण आहे. मोटार मधोमध राहिली तर तिच्या वाटेची त्रिज्या ३० मीटर भरते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर अशा वळणातून ताशी सुमारे ५५ किलोमीटरपर्यंत पकड टिकते. आता त्याच वळणावर, मोटारीची रुंदी सोडून, १० मीटर रुंदीची मोकळीक आहे असे धरा. बाहेर, आत, बाहेर अशी वाट घेतली, तर तिची त्रिज्या ३० ची सुमारे ५९ मीटर होते. म्हणजे वळण जवळजवळ दुपटीने पसरट झाले. त्याच पकडीवर वेग जातो ताशी सुमारे ७७ किलोमीटर. गाडी तीच, टायर तेच, रस्ता तोच. वाट बदलली आणि ताशी बावीस किलोमीटर पदरात पडले. खेळातल्या रेघेचे सगळे रहस्य एवढेच आहे.

लाल रंगाचा हिशोबही असाच सरळ आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी मोटार पुरता ब्रेक लावल्यापासून सुमारे २५ मीटरवर थांबत असेल, तर ताशी १४४ ने जाणारी तीच मोटार थांबायला १०० मीटर घेईल. म्हणून पडद्यावर वेग वाढला की लाल पट्टा वळणापासून लांब, अलीकडे सरकलेला दिसतो. खेळ आतल्या आत हेच गणित करीत असतो.

रेघ कुणी शोधली?

ही वाट काही संगणकाने शोधलेली नाही. शर्यतीचे चालक ती फार आधीपासून अंगवळणी पाडून होते. पिएरो तारुफी नावाचा एक इटालियन गृहस्थ इंजिनिअरही होता आणि शर्यतीचा चालकही. १९५७ साली त्याने इटलीतली ‘मिल्ले मिलिया’ ही हजार मैलांची प्रसिद्ध शर्यत जिंकली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस वळणातल्या वाटांचे गणित मांडणारे पुस्तक लिहिले. पुढे पडद्यावरचे खेळ आले. १९८२ साली आलेल्या ‘पोल पोझिशन’ या खेळात जपानमधला फुजीचा खरा शर्यतमार्ग दाखवला होता. २००५ साली ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ आला आणि वेगाप्रमाणे रंग बदलणारी रेघ खेळणाऱ्यांच्या ओळखीची झाली.

आणि हे सगळे लांबच्या मुलखातले, असे कुणी समजू नये. कोल्हापूर म्हटले की लोकांना तालमी आठवतात, पण मोटार शर्यतीतही आपला जिल्हा मागे नाही. ‘कार्ट’ म्हणजे जमिनीलगत बसायची, छप्पर नसलेली छोटी शर्यतगाडी. या गाड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर झाल्या आहेत. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१७ साली ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा इथे पाच किलोमीटरहून थोड्या जास्त लांबीचा आणि १६ वळणांचा बुद्ध सर्किट हा मार्ग आहे. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तो मार्ग पडद्यावरच्या खेळांतही आला.

पण खऱ्या शर्यतीच्या मार्गावर ही रंगीत रेघ नसते. पुष्कळ गाड्या एकाच वाटेने गेल्यामुळे रबराचा काळपट पट्टा उमटलेला असतो, आणि ब्रेक कुठे लावायचा याचा अंदाज यावा म्हणून कडेला अंतराच्या पाट्या असतात. नवशिक्यांसाठी शिकवणारे लोक कधी वळणावर तीन खुणांचे शंकू ठेवतात: वळायला सुरुवात कुठे, आतली कड कुठे शिवायची आणि बाहेर कुठे पडायचे. मुलगा जरा सरावला की तेही उचलतात. पुढची वाट त्याने स्वतः पाहायची असते.

मदत की पांगुळगाडा?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. रेघ ठेवावी की काढावी?

नवख्या मुलाला रेघ जरूर द्यावी. ज्याला मार्गाचा आकारच ठाऊक नाही, तो पहिल्या वळणाला भिंतीवर आदळणार, दुसऱ्याला मातीत जाणार आणि पाच मिनिटांत कंटाळून उठणार. रेघेमुळे त्याला वळण कुठे आहे, ब्रेक किती आधी लागतो, आत केव्हा शिरायचे, या गोष्टी डोळ्यांपुढे दिसतात. पूर्वी आपण कित्ता गिरवत होतो ना? गुरुजींनी ठिपक्यांनी ‘अ’ काढून द्यायचा आणि आपण त्यावरून पेन्सिल फिरवायची. त्यात कुणाला लाज वाटली नाही. ही रेघ म्हणजे पडद्यावरचा कित्ताच आहे.

पण कित्त्याचा एक धर्म असतो. तो एक दिवस बाजूला ठेवावा लागतो. चौथीतला मुलगा ठिपक्यांशिवाय ‘अ’ काढीना, तर आपण काळजीत पडू. रेघेचेही तसेच आहे.

याला शास्त्राचाही दुजोरा आहे. हालचालीचे कौशल्य माणूस कसे शिकतो, यावर सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघा संशोधकांनी १९८४ साली पूर्वीच्या पुष्कळ प्रयोगांचा आढावा घेतला. शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी ‘बरोबर, चूक, एवढे चुकले’ असे सांगत राहिले, तर सराव चालू असताना त्याचे काम छान होते. पण सांगणारा बाजूला झाला की ते ढासळू शकते, कारण शिकणारा त्या सांगण्यावरच टेकलेला असतो. १९९० साली विन्स्टाइन आणि श्मिट यांनी केलेल्या प्रयोगांत, ज्यांना निम्म्याच वेळा निकाल सांगितला होता, त्यांनी नंतरच्या परीक्षेत दर वेळी निकाल ऐकणाऱ्यांपेक्षा चांगले काम केले. हे प्रयोग मोटारीच्या रेघेवरचे नव्हते, हे खरे. पण तत्त्व इथेही लागू पडावे असेच आहे. रेघ तर क्षणाक्षणाला सांगत असते.

रेघेचे आणखी दोन दोष सांगतो. पहिला असा, की रेघ डोळे बांधते. लँड आणि ली या दोन शास्त्रज्ञांनी १९९४ साली खऱ्या रस्त्यावर चालकांची नजर कुठे जाते ते मोजले. चालक वळणाच्या आतल्या कडेवर, जिथे ती कड वळून दिसेनाशी होते त्या ठिकाणी, वळण घेण्याच्या क्षण-दोन क्षण आधी पाहत होते. म्हणजे अनुभवी डोळा रस्त्याचा आकार वाचतो. रेघेची सवय लागलेल्या मुलाला मात्र आकार वाचायचे कारणच उरत नाही. तो मोटारीच्या नाकापुढचा रंग पाहतो, आणि रंग बदलला की पाय दाबतो.

दुसरा दोष असा, की रेघेला सगळे कळत नाही. ती मोकळ्या रस्त्यासाठी आखलेली असते. पुढे दुसरी मोटार आडवी आली, शेजारून कुणी आत घुसले, टायर झिजले, तर रेघ आपली तिथेच. ज्याला वाटेमागचे कारण कळले आहे, तो जरा अलीकडे ब्रेक लावून वेगळ्या वाटेने निघतो. ज्याला फक्त रेघ कळली आहे, तो रेघेवरच राहतो आणि पुढच्याला ठोकतो.

मग सोडायची कशी? एकदम नव्हे, पायरीपायरीने. बऱ्याच खेळांत यासाठी तीन सोयी दिलेल्या असतात: पूर्ण रेघ, फक्त वळणापुरती किंवा ब्रेकपुरती रेघ, आणि रेघ बंद.

पहिली पायरी: नव्या मार्गावर पूर्ण रेघ ठेवून काही फेऱ्या सावकाश माराव्यात. वेळेकडे पाहू नये. प्रत्येक वळणाला एकच विचारावे, रेघ इथेच का वळली?

दुसरी पायरी: रेघ फक्त वळणापुरती ठेवावी. सरळ रस्त्यावर तिची गरजच नसते.

तिसरी पायरी: रेघ असतानाच स्वतःच्या खुणा ठरवाव्यात. ‘त्या पाटीपाशी ब्रेक, पांढऱ्या दगडापाशी वळायचे, कुंपण सरळ दिसले की वेग.’ तोंडाने म्हणत गेले तर अधिक चांगले. आपण परक्या गावाची वाट विचारतो तेव्हा लोक काय सांगतात? ‘वडापाशी डावीकडे, हौदाच्या पुढे उजवीकडे.’ लक्षात राहणारी वाट अशी खुणांची असते.

चौथी पायरी: रेघ बंद. पहिल्या काही फेऱ्यांना वेळ जास्त लागेल, मोटार मातीत जाईल. जाऊ द्यावी. खेळातली माती फुकट असते.

पाचवी पायरी: अडलेच तर एका फेरीपुरती रेघ पुन्हा लावावी, आपली खूण कुठे चुकली ते पाहावे आणि परत बंद करावी. शब्द अडल्यावर कोश उघडावा तसे.

तालमीत वस्ताद पोराचा हात धरून डाव दाखवतो, पण खासबागेच्या मैदानात कुस्ती लागली की वस्ताद कडेला असतो. रेघेलाही असेच कडेला बसायला शिकवले पाहिजे.

यात एक अपवाद ठेवावा. घटकाभर विरंगुळा म्हणून खेळणारा, वयस्क माणूस, हाताची किंवा नजरेची अडचण असलेला मुलगा, यांनी रेघ कायम ठेवली तर त्यांना हिणवू नये. आणि शिक्षकांनी एक लक्षात ठेवावे. काही मुलांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. अशा मुलाला रेघेचा इशारा कळणार नाही आणि सोबती त्याला ‘बावळट’ म्हणतील. काही खेळांत हे रंग बदलता येतात. फळ्यावरचे रंगीत खडूही अशा मुलाला नीट दिसतात का, हे त्या निमित्ताने तपासून घ्यावे.

रेघ घाटात आली तर?

आता तिसरा प्रश्न. मुख्य सांगायचे ते हेच.

आपला जिल्हा घाटवाटांचा आहे. पन्हाळ्याचा रस्ता वळणांचा. गगनबावड्याहून खाली उतरणारे करूळ आणि भुईबावडा हे घाट, रत्नागिरीकडे जाणारा आंबा घाट, राधानगरीच्या पुढचा फोंडा घाट, आजऱ्याहून पुढचा आंबोली घाट. पावसाळ्यात या रस्त्यांवर तरुण मुले मोटारसायकली घेऊन जातात. त्यांतल्या पुष्कळांनी शर्यतीचे खेळ खेळलेले असतात आणि बाहेर, आत, बाहेर ही वाट त्यांच्या अंगात मुरलेली असते.

मघाचा आकडा आठवा. ताशी ५५ वरून ७७. हा फायदा कशातून निघाला? रस्त्याची सगळी रुंदी वापरली म्हणून. शर्यतीच्या मार्गावर सगळी रुंदी आपली असते, कारण सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. समोरून कुणीही येत नाही, हे तिथे आधीच ठरलेले असते. आपल्या दुपदरी रस्त्यावर निम्मी रुंदी समोरच्याची असते.

मी हाच हिशोब आपल्या बाजूपुरता करून पाहिला. साडेतीन मीटरची आपली बाजू, पावणेदोन मीटर रुंदीची मोटार. म्हणजे डावी-उजवीकडे सरकायला जेमतेम पावणेदोन मीटर मोकळीक. तेवढ्यात कितीही कौशल्याने बाहेर, आत, बाहेर केले, तरी त्याच वळणावर ताशी पाचेक किलोमीटरचा फायदा होतो. त्यावरचा वेग येतो तो समोरच्याच्या बाजूतून. तो वेग कौशल्याचा नाही, दुसऱ्याच्या हक्काच्या जागेचा आहे. आणि घाटातल्या वळणावर त्या जागेत कोण आहे, ते दरड आणि झाडी यांच्यामुळे दिसतच नाही.

मोटारसायकलवाला म्हणेल, ‘माझी गाडी अरुंद, मला जागा पुष्कळ.’ पण तोही वळणाची आतली कड शिवायला जातो, तेव्हा उजव्या वळणावर त्याचे चाक मधल्या पट्ट्याच्या अलीकडे असले तरी झुकलेले डोके आणि खांदा पलीकडे असतो. समोरून येणाऱ्या ट्रकला चाक दिसत नाही, डोके लागते.

समोरासमोर दोन गाड्या ताशी ६० ने येत असतील, तर त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला ३३ मीटरने कमी होते. दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातो. उसाच्या गळीत हंगामात तर वळणापलीकडे काय असेल ते सांगता येत नाही. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर रांगत असतो, बैलगाडी असते, कधी मागे दिवाच नसतो.

आणि पाऊस? ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर आली, तर मघाच्याच वळणावर मधल्या वाटेची मर्यादा ताशी ५५ वरून ३९ च्या आसपास येते. त्यावर शेणमाती, डिझेलचा तवंग, पडलेली पाने असली की आणखी खाली. खेळात घसरलेली मोटार एक बटण दाबले की पुन्हा रस्त्यावर उभी राहते. घाटात ते बटण नाही.

म्हणून खेळात शिकलेले सगळे टाकून द्यावे का? तसे मुळीच नाही. २००८ साली लुकास ओर्दोनेझ नावाचा स्पॅनिश तरुण पडद्यावरच्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ या खेळाच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि पुढे खऱ्या मोटार शर्यतींत धावला. तेव्हा खेळातून काहीतरी खरे शिकता येते, यात शंका नाही. फक्त काय उचलायचे आणि काय मागे ठेवायचे, हे कळले पाहिजे.

उचलायच्या गोष्टी तीन. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावावा. वळणात शिरल्यावर घाबरून दाबू नये. नजर लांब, वळणाच्या पुढे ठेवावी. आणि वेग दुप्पट तर थांबायचे अंतर चौपट, हे कधी विसरू नये. मागे ठेवायची गोष्ट एकच: ती वाट. सार्वजनिक रस्त्यावर आपली रेघ ठरलेली आहे. ती डाव्या बाजूच्या मधून जाते आणि जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच तिचा वेग असतो.

पालकांसाठी कायद्याची एक आठवण देतो. मोटार आणि गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘पोरगा खेळात किती झकास चालवतो’ हे त्या वेळी कोर्टात सांगून भागत नाही.

शाळेच्या मैदानावर एक प्रयोग

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना तोंडाने सांगितले तर ती ऐकतील आणि विसरतील. मैदानावर करून दाखवले तर विसरणार नाहीत. दोन खुंट्या, एक सुतळी आणि थोडी फक्की, एवढेच सामान लागते.

एक खुंटी ठोका. तिच्याभोवती ५ मीटर आणि ७ मीटर त्रिज्येचे दोन पाव वर्तुळ आखा. दोन्ही टोकांना सरळ रस्ते जोडा, सहा-सहा मीटर लांबीचे. हा झाला दोन मीटर रुंदीचा काटकोनी वळणाचा रस्ता. मध्यरेषा ६ मीटर त्रिज्येची असेल, तीही आखा. आता वळणाच्या बरोबर मधून पहिल्या खुंटीपर्यंत मनात एक सरळ रेघ ओढा आणि ती तशीच पुढे, रस्त्यापासून दूर, ६ मीटर ८० सेंटिमीटर वाढवा. तिथे दुसरी खुंटी ठोका. तिला ११ मीटर ८० सेंटिमीटरची सुतळी बांधून कंस काढा. तो बाहेरच्या कडेला सुरू होईल, वळणात आतल्या कडेला अलगद शिवेल आणि पुन्हा बाहेरच्या कडेला मिळेल. हीच पडद्यावरची रेघ. त्रिज्या ६ ची जवळजवळ १२ कशी झाली, ते मुले स्वतः मोजतील.

मग एका मुलाला त्या रेघेवरून पळायला सांगा आणि दुसऱ्याला समोरून, त्याच्या हक्काच्या बाजूने, चालत यायला सांगा. पळणाऱ्याला आधीच बजावून ठेवा, की समोरचा दिसताच थांबायचे. दोघे कुठे भेटतात, तिथे फक्कीने फुली मारा. ती फुली मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला पडली, एवढेच विचारा. बाकीचे भाषण करायची गरज उरणार नाही.

आणि जाता जाता आपल्या धंद्याबद्दलही एक शब्द. वर्गात आपणही मुलांपुढे रेघा ओढत असतो. गाईड, अपेक्षित प्रश्न, फळ्यावरून उतरवून घेतलेले उत्तर, या सगळ्या रंगीत रेघाच आहेत. सुरुवातीला त्या लागतात. वर्षअखेरीस मुलगा गाईड मिटून चार ओळी स्वतःच्या लिहू शकतो का, हे आपण पाहायचे असते. या वर्षी आपल्या वर्गातली कोणती रेघ कधी पुसायची, हे तारीख घालून वहीत लिहून ठेवावे. आणि घाटाच्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलांच्या शाळांनी, पावसाळी सहली सुरू होण्याआधी, तो सुतळीचा प्रयोग एकदा तरी करावा, एवढी विनंती.